माणूसभर ऊब

बसा. खुर्ची जरा दिव्याजवळ ओढून घ्या, या कोपऱ्यात वारा येतो. तुम्ही तळघरातल्या खोलीची किल्ली घ्यायला आलात, हे मला ठाऊक आहे. उद्यापासून ते यंत्र तुमच्या ताब्यात. पण ती किल्ली मी नुसती हातात ठेवणार नाही. आधी ऐकून घ्या, मग हवं तर मला वेडी म्हणा. बरेच जण म्हणून गेलेत.

येताना फाटकापाशी बाकावर एक गृहस्थ दिसले असतील. जाड कोट, गळ्याभोवती मफलर, आणि एवढ्या उकाड्यात उन्हाकडे तोंड करून बसलेले. त्यांच्याशी बोललात का? नाही ना? बरं केलंत. त्यांच्याकडे येतेच मी.

खोली तुम्ही अजून पाहिलेली नाही. वर घुमटात दुर्बीण आहे. तिने गोळा केलेला ताऱ्याचा प्रकाश केसाएवढ्या काचेच्या तंतूतून तळघरात उतरतो आणि त्या खोलीतलं यंत्र त्याचे रंग वेगळे करून मोजतं. यंत्र इतकं नाजूक, की खोलीचं तापमान तसूभर हललं तरी मोजमाप बिघडतं. म्हणून भिंती हातभर जाड, दाराला रबराची कड, आत मिट्ट काळोख आणि माणसाला बंदी. कारण माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी. आत जाऊन नुसता उभा राहिला तरी खोली तापते, आणि बाहेर आमच्या पडद्यावर तापमानाची रेघ वर चढते.

ही रेघ मोजायचं माप माझ्या धाकट्या बहिणीने काढलं होतं. दुर्बीण माझ्याकडे होती, यंत्र तिच्याकडे. यंत्र बसवलं तेव्हा ती स्वतः आत जाऊन उभी राहिली, रेघ किती चढते ते पाहिलं आणि त्या उंचीला नाव दिलं, ‘एक माणूस’. मग तो खेळच झाला. एखादी मोटर तापली की ती हाक मारायची, "ताई, आज खोलीत पाव माणूस शिरलाय गं!" आमचे सर एकदा आत डोकावून आले, तर ते भरले सव्वा. "अंगातला मोठेपणा वजा केला तर पाऊणसुद्धा भरणार नाहीत," असं ती माझ्या कानात म्हणाली होती. मी हसू दाबताना खोकले होते.

त्या वर्षी आम्ही एका तांबड्या राक्षसी ताऱ्याच्या मागे होतो. तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो. आपला सूर्यही कधीतरी होणार आहे. असा फुगलेला तारा आतून सारखा थरथरत असतो. त्या थरथरीवरून ताऱ्याचं वजन किती ते सांगणारं गणित सरांनी मांडलं होतं. उभं आयुष्य त्यात घातलं होतं, मानसन्मान मिळवले होते. पण गणित खरं की खोटं हे कधीतरी ताडून बघावं लागतं ना? आमच्या या ताऱ्याला एक लहानसा जोडीदार होता. दोघं एकमेकांभोवती फिरायचे, आणि वर्षातून एकदा जोडीदार म्हाताऱ्याच्या तोंडासमोरून जायचा. ते फिरणं आणि ते आड येणं नेमकं मोजलं की म्हाताऱ्याचं वजन थेट मिळतं, कुणाच्या गणिताचे पाय धरावे लागत नाहीत.

आम्ही मोजलं. म्हातारा सरांच्या गणितापेक्षा हलका निघाला.

आता कुणी शहाणा माणूस असता तर म्हणाला असता, गणितात कुठेतरी खोट आहे. सर तसं म्हणाले नाहीत. त्यांच्या मते यंत्र चुकत होतं, नाहीतर आम्ही दोघी चुकत होतो, नाहीतर खुद्द ताराच चुकत होता. त्यांचं गणित तेवढं सोडून जगातलं सगळं चुकू शकत होतं. मग त्यांनी आमच्या मोजमापात खोट शोधायला सुरुवात केली, आणि शोधणाऱ्याला काहीतरी सापडतंच. ताऱ्याच्या तांबड्या रंगात एक बारीक उपरी रेघ होती. ती ताऱ्याची नव्हती. खोलीच्या भिंतीवर मोहरीएवढा एक तांबडा दिवा होता, त्याची होती.

तो दिवा कशाचा होता ते नीट ऐका. यंत्राचा डोळा गार ठेवायला द्रव नायट्रोजन लागतो. तो बंद खोलीत गळला तर श्वास घ्यायची हवा उरत नाही. वास येत नाही, रंग दिसत नाही, जीव घुसमटतोय असंही वाटत नाही. माणूस दोन-चार श्वासांत खाली बसतो आणि उठत नाही. म्हणून भिंतीवर अलार्म होता, आणि तो चालू असल्याची खूण म्हणून तो दिवा.

"तो दिवा बंद करा," सर म्हणाले.

धाकटीने दिव्यावर काळी पट्टी चिकटवली. तरी रेघ उरलीच, अगदी फिकट. सरांना ती फिकट रेघही डोळ्यांत खुपायला लागली.

जोडीदार आड यायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघी आईकडे जेवायला गेलो होतो. धाकटी रागाने लाल झाली होती. "ताई, सरांनी काल अलार्मचा प्लगच काढून ठेवला होता. सकाळी मी परत लावला. तोंडावर सांगून आलेय त्यांना, पुन्हा हात लावलात तर बघा."

"कसला प्लग गं?" आईने विचारलं.

"काही नाही गं आई, आमच्या सरांना लहान मुलासारखं सांभाळावं लागतं," असं म्हणून तिने आईच्या ताटातला घास पळवला. आई मुठीएवढी बाई. तिने धाकटीच्या पाठीत धपाटा घातला तर धाकटीलाच हसू आलं. आमचं तिघींचं ते शेवटचं जेवण.

तिथून ती सरळ खोलीवर गेली. नायट्रोजनची झडप उघडीच अडकून तो खोलीत पसरला होता. अलार्म गप्प होता, म्हणजे सगळं ठीक आहे असं समजून ती आत शिरली. मी संध्याकाळी आले तेव्हा तापमानाची रेघ वर चढून पुन्हा उतरलेली होती. पार खाली, सपाट. ती रेघ बघूनच मला कळलं. दार उघडायच्या आधी कळलं.

प्लग भिंतीतून काढलेला होता. चौकशी समिती बसली आणि सरांनी शांत आवाजात सांगितलं, "प्लग तिनेच काढला असणार. मोजमाप स्वच्छ यावं म्हणून. मी तिला किती वेळा बजावलं होतं." चोराच्या उलट्या बोंबा! मी उभी राहिले, जेवतानाचं बोलणं सांगितलं. समितीतल्या माणसांनी सहानुभूतीने माना हलवल्या. बहिणीची साक्ष म्हणजे काय, घरचंच लग्न आणि घरचाच भटजी.

पण मला आधार होता यंत्राचा. ते दिवसभर आपोआप चाचणीच्या प्रतिमा घेत असतं. दिवा चालू असेल तोवर प्रत्येक प्रतिमेत ती तांबडी रेघ पडणार. आम्ही आईकडे जेवत असताना जर ती रेघ नाहीशी झाली असेल, तर प्लग धाकटीने काढला नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मी धावत जाऊन प्रतिमा उघडल्या. एकाही प्रतिमेत रेघ नव्हती. सकाळच्या नाही, आदल्या आठवड्यातल्याही नाही.

"अशुद्ध रेघ होती," सर म्हणाले. "सफाई केली. आपण नेहमीच करतो."

मूळ प्रतिमा? त्याही साफ. अहवालात लिहिलं गेलं, ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू’. आईने तो शब्द मला पुन्हा वाचायला लावला. "निष्काळजी?" ती म्हणाली. "जी पोरगी दुसऱ्याच्या घरातला गॅस बंद आहे का बघून यायची ती?" त्या दिवसापासून आई खचली. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून बसायची, अंगावर शाल घ्यायची. डॉक्टर म्हणाले, वय आहे, त्यात धक्का. मीही तेच समजले.

नोकरी का सोडली नाही म्हणाल, तर रागाने. हा माणूस रोज माझ्यासमोरून मान वर करून चालायचा, आणि रोज माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. मी गेले असते तर त्याला मोकळं रान मिळालं असतं. अहवालातला तो एक शब्द खोडला जाईपर्यंत मी हलणार नव्हते.

वर्षभर खोली बंद होती. जोडीदार पुन्हा आड यायची वेळ आली तेव्हा ती उघडून यंत्र सुरू केलं. जुना अलार्म समितीने उचलून नेला होता. त्याच्या जागी भिंतीला दोन भोकं तेवढी उरली होती. नवा अलार्म बसवला तो बिनदिव्याचा, सरांच्या आग्रहावरून. दार लावलं, कुलूप घातलं, खोली थंड होऊन स्थिर व्हायची वाट बघितली.

ती स्थिर झाली, पण जागेवर आली नाही. तापमानाची रेघ वरच राहिली. पाऊण माणूस.

सर म्हणाले, सेन्सर बिघडलाय. सेन्सर बदलायला तंत्रज्ञ आत गेला, रेघ त्याच्यापुरती चढली. तो बाहेर आला, तेवढीच उतरली. पाऊण माणूस तिथेच. मोटरी तपासल्या, वायरी तपासल्या. आत तापण्यासारखं काहीही नव्हतं. मी पडद्यासमोर बसून त्या रेघेवर बोट ठेवलं आणि हळूच हाक मारली. तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा भीती वाटली नाही. बहीण होती ना माझी.

एक गोष्ट मात्र खटकली. धाकटी म्हणजे पुरता एक माणूस. मापच तिच्या अंगाचं. मग ही रेघ पाऊण का? मी मनाशी म्हटलं, मेल्यावर थोडी ऊब कमी होत असेल. खटकलेलं झटकून टाकलं. सरांनी म्हाताऱ्याचं वजन पटत नाही म्हणून सफाई केली, आणि मी त्यांच्यावर दात खात असतानाच माझ्यापुरती तीच सफाई केली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

म्हातारा इतका तेजस्वी, की दिवेलागणीला, आकाशात उजेड असतानाच दुर्बिणीत सापडतो. त्या संध्याकाळी मी दुर्बीण त्याच्यावर रोखली. सर माझ्या मागे उभे होते. पहिली प्रतिमा पडद्यावर आली आणि ते माझ्या खांद्यावरून पुढे वाकले.

ताऱ्याच्या तांबड्या रंगात ती बारीक रेघ होती. त्याच जागी. जो दिवा आता त्या खोलीत नव्हताच, त्याची.

"साफ कर," सर म्हणाले.

"नाही."

"मी सांगतोय, साफ कर ती."

"एकदा केलीत ना? पोटभर केलीत! आता ती परत आलीय," मी ओरडले. "खोलीत कोण बसलंय ते तुम्हाला माहीत आहे, सर. हिंमत असेल तर जा ना खाली. जा आणि बघून या."

ते गेले. त्यांना वाटलं असेल, या बाईला एकदाचं गप्प करू. खोलीतला इंटरकॉम मी चालू केला. नवा अलार्म चालू होता, हवा चांगली होती, ते मी दोनदा तपासलं. माझ्या मनात काळं नव्हतं. दार उघडून बंद झाल्याचा आवाज आला, आणि पडद्यावरची रेघ चढायला लागली. पाऊण, त्यात सव्वा. बरोबर दोनवर जाऊन थांबली.

"कोणी नाहीये इथे," इंटरकॉमवर सरांचा आवाज आला.

"मग या वर."

बराच वेळ नुसता श्वास. मग, "हा दिवा कोणी लावला?"

"कुठला दिवा, सर?"

"भिंतीवरचा… तांबडा…"

"तिथे दिवा नाही. नुसती दोन भोकं आहेत."

पुन्हा श्वास, आता भरभर. माझ्या हाताखालचं टेबल मला गार लागत होतं. वर घुमटात वाऱ्याने कसलीतरी कडी वाजत होती, तीही थांबली.

"मीच काढला होता…" सर पुटपुटले. ते माझ्याशी बोलत नव्हते. "दुपारी… तू जेवायला गेली होतीस तेव्हा… एका दिवसापुरता…"

आणि मग त्याच आवाजात, सरांच्याच जाड, घोगऱ्या आवाजात, "ताई…"

सर मला जन्मात कधी ताई म्हणाले नव्हते.

"ताई… थंडी वाजतेय गं…"

माझ्यासमोर पडद्यावर नवी प्रतिमा आली. तांबडी रेघ विझली होती.

मी जिना कसा उतरले ते आठवत नाही. दार उघडलं तेव्हा सर आपल्या पायांनी बाहेर आले. कपडे नीट, चष्मा नीट. मी त्यांचा हात धरला आणि सोडून दिला. लोखंडाच्या कठड्याला हात लागावा तसा तो लागला.

"आत काही नाही," ते म्हणाले. "मी काही बोललो नाही."

म्हणजे बघा! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. मी दार लावून वर आले. खोली रिकामी होती. माणूस बाहेर आला की रेघ उतरते, नेहमीच उतरते. ती उतरली नाही. दोनवरच राहिली.

त्या दिवसापासून सरांना थंडी भरली ती भरलीच. ताप नाही, रक्त ठीक, हृदय ठीक. कोट आला, मफलर आला, उन्हातला बाक आला. रोज मला फोन करायचे. "रेघ उतरली?" "नाही." फोन बंद. एक दिवस मी त्यांना म्हटलं, "सर, जे खाली बोललात ते वर येऊन चार माणसांत बोला. कदाचित उतरेल." ते बरेच दिवस फोनच करत राहिले. शेवटी समितीसमोर जाऊन बसले आणि सगळं बोलले. प्लग, सफाई, सगळं. पश्चात्तापाने नव्हे हो, थंडीने! त्या माणसाला अजूनही धाकटीचं काही वाटत नव्हतं, स्वतःचीच ऊब परत हवी होती. समितीने अहवालातला शब्द खोडला. म्हाताऱ्याचं वजनही आम्ही मोजलं तेच खरं ठरलं, हलकंच. सरांच्या गणिताची दुरुस्ती आता दुसरे कुणीतरी करतायत.

मी आईला तिथे घेऊन गेले होते. शब्द खोडलेला कागद तिच्या हातात दिला. तिने तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. बाहेर ओट्यावर सर उभे होते, थरथरत. मी त्यांच्या डोळ्यांदेखत तापमानाच्या पडद्यावर बघणाऱ्या तंत्रज्ञाला फोन केला.

"किती?"

"दोन," तो म्हणाला.

सर रडायला लागले. मला दया आली नाही. तुम्हाला येईल, तुमचं काही गेलेलं नाही. आई मात्र पुढे झाली आणि तिने त्यांचा हात हातात घेतला. मला वाटलं, ती त्यांना माफ करतेय, आणि माझं डोकं पुन्हा फिरायला लागलं. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली.

"अगं, यांचा हात तर माझ्यासारखाच आहे."

मी आईचा दुसरा हात धरला. वर्षभर तिला स्वेटर चढवला, शाल दिली, गरम पाणी दिलं. पण हात असा धरून बघितला नव्हता. लोखंडी कठडा.

"तुला माहीत नाही," आई म्हणाली. "एकदा तू सुट्टीवर होतीस तेव्हा धाकटी मला त्या खोलीत घेऊन गेली होती. मोजलं मला. म्हणाली, आई, तू पाऊण." ती जराशी हसली. मग सरांचा हात सोडून दिला आणि मला म्हणाली, "ते दार उघडू देऊ नकोस कुणाला. गारठेल ती."

सर ते ऐकत होते. तेव्हापासून रोज फाटकापाशी येऊन बसतात. आत येऊन दार उघडा म्हणायची त्यांची हिंमत होत नाही, आणि लांब जाववत नाही. तुम्ही नवीन आहात, तुमच्याकडे येऊन गयावया करतील. नियमावर बोट ठेवतील, पदाचा धाक घालतील, रडतीलसुद्धा. दार उघडायचं नाही. खोलीचं तापमान स्थिर आहे, यंत्राला तेवढं पुरतं. मोजमापं अचूक येतात. आणि ती तांबडी रेघ, दर वर्षी जोडीदार आड आला की दिसते आणि विझते. ती साफ करायची नाही. एवढं कबूल असेल तर ही घ्या किल्ली.

काय झालं? माझा हात गार लागला होय? काही नाही हो. तापमानाची रेघही परवापासून दोनच्या किंचित वर आहे, मोटर तापली असेल एखादी. आणि हा कोपरा असा, मघाशी म्हटलं ना, इथे वारा येतो.

खिडक्या बंद आहेत म्हणता? सगळ्या?